सर्रा: बैलाच्या रक्तातला परजीवी माणसात कसा आला?

गोठ्यातलं जनावर आजारी पडलं की आपण पशुवैद्यकाला बोलावतो. घरातलं माणूस आजारी पडलं की त्याला दवाखान्यात नेतो. दवाखाने वेगळे, डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. त्यामुळे ढोराचा रोग ढोरापाशी आणि माणसाचा रोग माणसापाशी, असं आपण सहज धरून चालतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

पण २००४ साली आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात एक परजीवी सापडला. तोवर तो बैल, म्हैस, घोडा, उंट आणि कुत्रा यांच्याच रक्तात राहतो, अशी जगभरच्या डॉक्टरांची समजूत होती. या परजीवीमुळे जनावरांना जो रोग होतो त्याचं नाव 'सर्रा'. या रोगाची माणसातली, सर्व तपासण्यांनी पक्की झालेली जगातली पहिली नोंद आपल्या भागातली आहे.

वलगाव, आसेगाव या आपल्या पट्ट्यात अंगणात कुत्रं आणि मागच्या गोठ्यात दोन-चार जनावरं असलेली घरं भरपूर आहेत. म्हणून हा इतिहास तुम्हाला माहीत असावा असं मला वाटतं. जनावराचा आणि माणसाचा ताप वेळेवर कसा पकडायचा, तेही यातून कळेल.

परजीवी म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्याच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव म्हणजे परजीवी. गोचीड, पिसू, ऊ हे बाहेरचे परजीवी. जंत, पट्टकृमी, यकृतातले चपटे कृमी हे आतले. याशिवाय डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे परजीवी असतात. मलेरियाचा परजीवी त्यातलाच. सर्राचा परजीवीही एकपेशीय आहे. त्याचं शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. सूक्ष्मदर्शकाखाली तो लहानशा वळवळणाऱ्या मासोळीसारखा दिसतो आणि रक्ताच्या तांबड्या पेशींना ढकलत फिरत असतो. ताज्या रक्तात आधी त्या पेशींचीच हालचाल नजरेला येते, आणि मग त्यांना हलवणारा दिसतो.

१८८०: एकाच वर्षातले दोन शोध

१८८० साली अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरान यांनी तापाच्या रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्याच वर्षी, तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे, ग्रिफिथ इव्हान्स हे लष्करी पशुवैद्यक घोड्यांच्या आणि उंटांच्या एका जीवघेण्या रोगाचा तपास करत होते. जनावरांना ताप येई, उतरे, पुन्हा येई. खाणं चालू असूनही जनावर वाळत जाई, पाय सुजत आणि शेवटी ते मरून जाई. लोक या रोगाला 'सर्रा' म्हणत.

या नावाचं मूळ आपल्याला जवळचं आहे. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांनी ते मराठी 'सूर' या शब्दाकडे नेलं आहे. नाकपुड्यांतून आतबाहेर होणारा श्वास, असा त्या जुन्या शब्दाचा अर्थ. काही अभ्यासक मात्र ते हिंदी 'सडा', म्हणजे सडलेला, या शब्दाशी जोडतात.

इव्हान्स हे मूळचे वेल्सचे. पशुवैद्यक तर ते होतेच, पण कॅनडातल्या माँट्रियल इथे त्यांनी माणसाच्या वैद्यकाचीही पदवी घेतली होती. त्यांनी आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यांना तो वळवळणारा जीव दिसला. पुढचं पाऊल महत्त्वाचं होतं. ते रक्त त्यांनी निरोगी जनावरांच्या शरीरात सोडलं, आणि तोच ताप, तोच परजीवी त्या जनावरांतही दिसला.

दोनच वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, टिमथी लुईस यांनी कोलकात्यात उंदरांच्या रक्तात असाच एक जीव पाहिला होता. पण ते उंदीर धडधाकट होते. त्यामुळे रक्तात असे जीव असले तरी रोग त्यांच्यामुळे होत नाही, असं त्या काळच्या जाणत्यांना वाटे. इव्हान्स यांचं म्हणणं पटायला बराच काळ गेला. आज मात्र ट्रिपॅनोसोमा वर्गातल्या परजीवीमुळे रोग होतो हे पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं, असं मानलं जातं. परजीवीच्या नावात त्यांचं नाव आहे. इव्हान्स १९३५ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठलेली होती.

मुंबई आणि पुण्याचा वाटा

इव्हान्स यांच्यानंतर जॉन हेन्री स्टील या पशुवैद्यकांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये हाच रोग अभ्यासला. परजीवीला 'इव्हान्साय' हे नाव दिलं ते त्यांनीच. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकांच्या शिक्षणाची सुरुवात अशी सर्राच्या अभ्यासकाच्या हातून झाली.

त्यानंतर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी ही देशातली पहिली मोठी सरकारी प्रयोगशाळा. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १८९० च्या दशकात त्याचे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केले. सांसर्गिक रोगांवरचे प्रयोग वस्तीपासून लांब व्हावेत म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

सरकारने एवढा खर्च का केला? कारण घोडा, उंट आणि खेचर यांच्यावर लष्कर चालत होतं. घोडदळात सर्रा शिरला की लढाईआधीच घोडे मरत. शेतकऱ्याच्या बैलाची आणि म्हशीची काळजी त्यामानाने फार उशिरा सुरू झाली. बैलात आणि म्हशीत सर्रा बऱ्याचदा लपून राहतो, हेही त्याचं एक कारण. जनावर लगेच मरत नाही, नुसतं खंगतं. त्याची नोंद कोण ठेवणार?

माशीने काय केलं?

हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो कसा? घाणेरड्या पाण्यातून, चाऱ्यातून, अशा अनेक कल्पना होत्या. पण त्याच काळात एक नवी दिशा मिळाली. १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा एक जीवघेणा ताप गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केलं. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचा धागा डासापर्यंत नेला. १९०१ मध्ये भारतात काम करणाऱ्या लिओनार्ड रॉजर्स यांनी सर्राचा माग काढला, तो चावणाऱ्या मोठ्या माश्यांपर्यंत पोचला. या टॅबॅनस जातीच्या माश्या. घरमाशीपेक्षा पुष्कळ मोठ्या, जाड आणि मोठ्या डोळ्यांच्या. त्यांचा चावा इतका दुखतो की जनावर शेपटी आपटतं, पाय झाडतं आणि माशीला अर्धपोटी उडून जावं लागतं. ती लगेच शेजारच्या जनावरावर बसते आणि उरलेलं जेवण तिथे करते.

रॉजर्स यांना दिसलं ते असं. आजारी जनावराला चावलेली माशी लगेच दुसऱ्याला चावली तर रोग लागतो. मध्ये एखादा दिवस गेला तर लागत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात काही दिवस वाढतो. सर्राचा परजीवी माशीत वाढत नाही. माशीच्या तोंडाला लागलेलं ओलं रक्त, एवढंच त्याचं वाहन.

माशी इथे दूषित सुईचं काम करते, हे लक्षात ठेवा. कारण खरी सुईही तेच काम करू शकते. एकाच सुईने ओळीने दहा जनावरांना टोचलं, तर माशी करते तेच माणूस करतो.

माणूस का सुटत होता?

१८९५ च्या सुमारास आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांना गुरांच्या 'नागाना' रोगात सर्राच्या परजीवीचा भाऊबंद सापडला. पुढच्या काही वर्षांत माणसांच्या 'निद्रारोगा'त आणखी एक भाऊबंद मिळाला. म्हणजे आफ्रिकेत या कुळातले परजीवी माणसालाही मारत होते. मग भारतात सर्रा झालेल्या जनावरांत वावरणारे लाखो शेतकरी, गुराखी, मोतद्दार आजारी का पडत नव्हते?

त्याचा पहिला धागा १९०२ मध्ये लाव्हेरान यांनाच मिळाला. माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, जनावरांच्या ट्रिपॅनोसोमांना मारून टाकतो, हे त्यांनी दाखवलं. माणसाच्या रक्तात जन्मतःच एक पहारेकरी असतो. तो कोण, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. २००३ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी तो ओळखला. अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचं ते एक प्रथिन आहे. परजीवी ते गिळतो आणि आतूनच फुटतो. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवींनी या पहारेकऱ्याला चुकवण्याची युक्ती साधली आहे. सर्राच्या परजीवीला ती साधलेली नाही.

म्हणून पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे, की सर्रा माणसाला होत नाही.

२००४: चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी

पंचेचाळीस वर्षांचा एक शेतकरी. ताप यायचा, काही दिवसांनी उतरायचा, बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा यायचा. असे पाच महिने गेले. विदर्भात अशा तापाला पहिलं नाव मलेरियाचं दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण या रुग्णाच्या रक्ताच्या काचपट्टीवर मलेरियाऐवजी लांबट, वळवळणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. ताप चढला की त्यांची संख्या वाढायची, उतरला की घटायची.

नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी, जागतिक आरोग्य संघटनेचे आणि फ्रान्समधले तज्ज्ञ यांनी मिळून याचा छडा लावला. परजीवीची ठेवण पाहिली, रक्तातली प्रतिपिंडं तपासली, जनुकीय चाचण्या केल्या. सगळ्यांचं उत्तर एकच आलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. जनावराचा सर्रा माणसात.

पुढचा प्रश्न उपचाराचा होता. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं, तेव्हा परजीवी मेंदूपर्यंत पोचले नसल्याचं दिसलं. म्हणून सुरामिन हे औषध निवडलं गेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झालेलं हे औषध आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात वापरतात. त्याने रक्तातले परजीवी नाहीसे झाले आणि रुग्ण बरा झाला. २००५ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. आजारी जनावराचं रक्त त्याच्या शरीरात शिरलं असावं, हे त्यातलं सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं.

पण तसं तर शेकडो शेतकऱ्यांच्या हाताला जनावराचं रक्त लागतं. यालाच का झालं? उत्तर २००६ मध्ये मिळालं. या माणसाच्या रक्तात तो पहारेकरी नव्हताच. अपोलिपोप्रोटीन एल-१ बनवणाऱ्या जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रतींत दोष होता. प्रयोगशाळेत त्याच्या सीरममध्ये हे प्रथिन बाहेरून घातलं, तेव्हा ते सीरम परजीवींना मारू लागलं. चोराने कुलूप तोडलं नव्हतं, या एका घराला दारच नव्हतं.

मग बाकीच्यांनी निश्चिंत राहावं का?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे हा लाखांत एखाद्याचा प्रश्न. बराचसा तसाच आहे, घाबरण्याचं कारण नाही. पण आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली गोष्ट त्या शेतकऱ्याच्या गावातली. तिथल्या १,८०६ लोकांची सर्राच्या प्रतिपिंडांसाठी चाचणी झाली. बोटाच्या रक्तावर ४१० जणांची, म्हणजे २२.७ टक्के लोकांची, चाचणी होकारार्थी आली. सीरमवर पुन्हा तपासल्यावर त्यातल्या ८१ जणांचीच ती पक्की ठरली. जास्त पातळ केलेल्या सीरमवरही चाचणी होकारार्थी राहिलेल्या ६० जणांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा एकाच्याही रक्तात परजीवी मिळाला नाही. याचा अर्थ असा की गावातल्या लोकांच्या शरीरात हा परजीवी पुन्हा पुन्हा शिरत असावा, आणि पहारेकरी त्याला प्रत्येक वेळी मारत असावा. माणूस आणि परजीवी यांची गाठ आपल्याला वाटते त्याहून जास्त वेळा पडते.

दुसरी गोष्ट व्हिएतनाममधली. २०१५ मध्ये तिथल्या एका महिलेला सर्रा झाल्याचं निदान झालं. कच्चं मांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती. तिच्या रक्तातलं ते प्रथिन मात्र अगदी व्यवस्थित होतं. तीही सुरामिनने बरी झाली. पहारेकरी जागेवर असतानाही कधीतरी चूक होऊ शकते, असा याचा अर्थ.

माणसातला सर्रा दुर्मिळ आहे. जनावरातला दुर्मिळ नाही. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात दहाहून अधिक वाघ याच कुळातल्या परजीवीने गेले. मांस खाणाऱ्या प्राण्याला ताज्या, दूषित मांसातूनही हा रोग लागू शकतो. आपल्या गोठ्यात तो वाघासारखी बातमी होत नाही. दूध आटतं, गाभण म्हैस गाभ टाकते, बैल वखराला चालेनासा होतो आणि घरातले पैसे जात राहतात.

गोठ्यात सर्रा कसा ओळखाल?

* गाय, बैल: अधूनमधून येणारा ताप, खाऊनही खंगणं, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट होणं, दूध कमी होणं. कित्येकदा काहीच दिसत नाही. मग नांगरणी-वखरणीचा ताण, लांबचा प्रवास किंवा वेत झाल्यावर रोग उफाळतो.
* म्हैस: वरच्यासारखीच लक्षणं, गर्भपात. कधी एकाएकी गोल गोल फिरणं, डोकं भिंतीला लावून उभं राहणं.
* घोडा: चढउतार होणारा ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, मागच्या पायांतली शक्ती जाणं. उपचार झाला नाही तर घोडा सहसा वाचत नाही.
* कुत्रा: ताप, तोंडाला किंवा गळ्याला सूज, आणि डोळ्याचं बुबुळ निळसर-पांढरं होणं. कुत्र्याचे डोळे अचानक दुधाळ झाले तर नुसते डोळ्यांचे थेंब घालत बसू नका, रक्त तपासून घ्या.

ताप असा येतो-जातो का? या परजीवीच्या अंगावर प्रथिनांचा एक अंगरखा असतो. शरीर तो ओळखून परजीवींना मारू लागतं आणि ताप उतरतो. पण तोवर काही परजीवींनी वेगळा अंगरखा चढवलेला असतो. त्यांची नवी फौज वाढते आणि ताप परत येतो. सर्रावर अजून लस नाही, ती याच कारणाने.

तपासणी: रक्ताची आणि शेणाची

इव्हान्स यांनी १८८० मध्ये केली तीच तपासणी आजही पहिली आहे. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन ते ताजं असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, आणि त्याची रंगवलेली काचपट्टी करणं. मात्र रक्त ताप चढलेला असताना घ्यायला हवं. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात परजीवी सापडेलच असं नाही. म्हणून जनावर 'कालपासून बरं आहे' म्हणून तपासणी टाळू नका. पशुवैद्यकाला कोणत्या दिवशी ताप होता, ते लिहून दाखवा. रक्तात परजीवी फार थोडे असतील, तर प्रतिपिंडांच्या आणि पीसीआर चाचण्या उपयोगी पडतात. अशा वेळी नमुना कुठे पाठवायचा, ते तुमचे पशुवैद्यक सांगतील. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहेत.

रक्ताच्या त्याच काचपट्टीवर गोचिडांमुळे होणारे दोन रोगही कळतात. थायलेरियात खूप ताप येतो आणि खांद्यापुढच्या गाठी सुजतात. संकरित गायींना तो जास्त होतो. बबेसियात लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते.

जंत आणि यकृतातले कृमी मात्र रक्तात दिसत नाहीत, त्यांची अंडी शेणात दिसतात. जनावर वाळत असेल, सतत पातळ शेण टाकत असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज आली असेल, तर मूठभर ताजं शेण स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात द्या. कोणता कृमी आहे ते कळल्यावर योग्य औषध देता येतं. तेच ते जंताचं औषध दर वेळी अंदाजाने पाजलं की कृमी त्याला दाद देईनासे होतात. म्हशीच्या वासरांना आईच्या दुधातूनच जंत येतात. त्यामुळे त्यांचं पहिलं औषध जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आतच लागतं.

सर्रावर चांगली औषधं आहेत. पण त्यांचं प्रमाण वजनावर ठरतं आणि चूक झाली तर जनावर दगावू शकतं. ती पशुवैद्यकाच्या हातूनच द्यावीत. जवळ पशुवैद्यक नसेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.

टाळायचं कसं?

टॅबॅनस माश्या पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतात. त्यांची अंडी-अळ्या नदीकाठच्या, डबक्याकाठच्या ओल्या चिखलात असतात. पेढीच्या काठावर चरणाऱ्या जनावरांच्या मालकांनी हे ध्यानात ठेवावं. याशिवाय घरमाशीसारखीच दिसणारी, पण चावणारी आणखी एक माशी असते. ती कुजलेलं शेण आणि ओलं कुटार यांत वाढते.

* शेण-मूत रोज उचला, उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा, गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नका.
* माश्यांच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ धूर करा, शक्य असेल तर जाळी लावा. माश्या-गोचिडांचं फवारणीचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरा.
* बाजारातून आणलेलं जनावर लगेच इतरांत बांधू नका. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि त्याचं रक्त तपासून घ्या.
* आजारी जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा. अर्धपोटी उडालेली माशी जवळचंच जनावर शोधते.
* प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरायला सांगा.
* मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. कुत्र्यांना कच्चं मांस, काळीज, फुप्फुस घालू नका. त्यातून कुत्र्याला सर्रा होऊ शकतो. शिवाय बकऱ्याच्या काळजातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या, तर त्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात.

पोळा ऐन माश्यांच्या दिवसांत येतो. आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतो. त्याच वेळी त्याच्या अंगावरून नीट हात फिरवा. डोळ्याची खालची पापणी ओढून रंग पाहा, खांद्यापुढच्या गाठी चाचपा, पाय आणि पोटाखाली सूज आहे का बघा, कानात आणि शेपटीखाली गोचिडं शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बैलाची यापेक्षा चांगली पूजा मला तरी माहीत नाही.

वलगावच्या लोकांना साफसफाईचं महत्त्व बाहेरच्याने सांगायला नको. इथेच पेढीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. जन्मभर त्यांच्या हातात खराटा होता, आणि देवापुढे मुकी जनावरं कापू नका हे ते कीर्तनातून सांगत राहिले. उकिरड्यातल्या माशीचं शास्त्र बाजूला ठेवलं, तरी गोठा झाडणं हाच त्या माशीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता तुमच्यासाठी

जनावराला टोचताना, विणीला मदत करताना, जखम धुताना किंवा मांस कापताना हातमोजे घाला. हाताला आधीची जखम असेल तर ती झाका. रक्त लागलं तर लगेच साबणाने धुवा.

आणि ताप आठवड्याहून जास्त टिकला किंवा येत-जात राहिला, मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्या नकारार्थी आल्या, तर डॉक्टरांना न विचारता दोन गोष्टी सांगा. घरी कोणती जनावरं आहेत, आणि त्यातलं एखादं गेल्या काही महिन्यांत आजारी होतं का, मेलं का, व्यालं का, त्याने गाभ टाकला का. सर्राच नव्हे, तर ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस अशा आपल्या भागात जास्त आढळणाऱ्या तापांचं निदानही या उत्तरांवरून लवकर होतं. ताप चढलेला असतानाच रक्त द्या, आणि रक्ताची काचपट्टी प्रत्यक्ष पाहायला सांगा. झटपट चाचणीच्या पट्टीवर जेवढं शोधायला सांगितलेलं असतं तेवढंच दिसतं. शोधत नसलेली गोष्ट दिसते ती सूक्ष्मदर्शकाखाली, पाहणाऱ्याच्या डोळ्यांना. चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याचा ताप पाच महिन्यांनी का होईना ओळखला गेला, तो असाच.